शेवंतीवयनीची टेस्ट ड्राइव्ह

रविवारी गाडी दारात येऊन उभी राहिली तेव्हा सत्यवती झाडलेलं अंगण पुन्हा झाडत होती. दत्तप्रसाद गेल्यापासून तिचं हे असं झालं होतं. एका जागी बसणं म्हणून जमत नसे. डिचोलीच्या शाळेत मोकळ्या तासाला बाकीच्या शिक्षिका चहा घेत बसत, ही व्हरांड्यातून फेऱ्या घाली. घरी टीव्हीसमोर बसली तरी मालिका अर्ध्यावर टाकून मसाल्याचे डबे पुसायला घेई. नवऱ्याला जाऊन दोन वर्षं होऊन गेली होती आणि लोक म्हणत होते, मास्तरीण आता सावरली. सावरली म्हणजे काय, ते तिला कळत नव्हतं. ती थांबत नव्हती एवढंच खरं.

गाडी गडद निळी होती, बुटकी, पुढून थोडी रागावल्यासारखी दिसणारी. म्हापशाच्या शोरूममधली पूनम ती घेऊन आली होती. पूनम मूळची बेळगावकडची, तिशीची, बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी "मॅडम" लावणारी.

सोप्यावर गोकुळदास पेपर वाचत बसले होते. दत्तप्रसादचे थोरले भाऊ. पेडण्याच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान आणि घरात शेवटचा शब्द, या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे वडिलांकडून आल्या होत्या. भावाभावांनी चूल कधी वेगळी केली नाही, आणि भाऊ गेल्यावरही सत्यवतीला कोणी वेगळं धरलं नाही. पण म्हणूनच तिने एखादी गोष्ट एकटीने ठरवली की घरात ताप चढल्यासारखं व्हायचं.

"ही?" गोकुळदासांनी चष्मा कपाळावर ढकलला. "ही तर भुंयेक टेकल्या. पावसात आमच्या वाटेर पाणी येता तेव्हा काय करतलंस? पोहतलंस?"

"बघलंय मी, भावजी. पोट घासना नाय हिचा."

"आणि फोंड्याक देवाक जावचा झाला तर सगळी बसतली खय? डिकीत?"

"देवाक आपण वर्सातून दोनदा जातो. शाळेत मी रोज जातंय."

ती रोज दोन बसगाड्या बदलून जात होती. पेडणे ते म्हापसा, म्हापसा ते डिचोली, आणि संध्याकाळी तेच उलट. दत्तप्रसाद असताना तो तिला गाडीने म्हापशापर्यंत सोडायचा. त्याची गाडी पुतण्या साईशच्या हातून विकली गेली तेव्हा ती काही बोलली नव्हती. मग दिवाळीच्या सुट्टीत तिने कोणाला न विचारता ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. धारगळच्या चढावर एक दिवस ती ट्रकच्या मागे अडकली होती. ओव्हरटेक करायला बाहेर पडली, पाय दाबला, आणि क्लासची ती थकलेली गाडी नुसती घोगरी ओरडत जागच्या जागी राहिली. समोरून बस. मास्तराने स्टेअरिंग ओढलं म्हणून वाचली. त्या दिवशी तिने ठरवलं, गाडी घ्यायची तर दाबली की पळणारी घ्यायची.

शोधायला लागली तेव्हा कळलं की ते एवढं सोपं नाही. पहिली बघितली ती पळायला वाघ होती, पण खड्ड्यात गेली की कंबरेतली कळ थेट मानेत. तीत रोज डिचोलीला जाऊन आल्यावर ती फळ्यासमोर उभी राहू शकली नसती. दुसरी सोफ्यासारखी मऊ, पण चढ दिसला की उसासे टाकणारी. ही तिसरी. हिचं इंजिन लहान आणि टर्बो, सीट पाठीला धरून ठेवणारी, आणि खड्डा आला तरी तो चाकांपाशीच संपायचा. शोरूमच्या मागच्या खराब रस्त्यावर तिने मुद्दाम नेऊन बघितलं होतं.

साईश गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आला. गोकुळदासांचा हा एकुलता एक मुलगा, दुकानात बापाच्या हाताखाली असलेला आणि त्यामुळे सदा कुठेतरी निघालेला.

"पपा, तुमका कळना नाय. ह्या गाडीचो पिकप बघा तरी. काकी, फर्स्टक्लास निवड केलंस. मी तुका सकाळी शाळेत सोडतंय, सांजेक हाडतंय. मधल्या वेळात थय उन्हात उभी करून काय करतलंस तिका?"

"उभीच ठेवतलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे चलवतलंय मी. चावी माझ्या पर्सीत."

साईशने टायरला पायाने हळूच टोचलं. मग सोप्याच्या पायरीवर बापाच्या बाजूला जाऊन बसला.

"पपा म्हणतत ता तसा खोटा नाय हां, काकी. सात सीटची घेतलंस तर सगळ्यांका बरी. आणि एवढी पॉवर तुका कित्याक? ह्या वयात?"

पूनमने मान खाली घालून हसू लपवलं. सत्यवतीला मात्र हसू आलं नाही. गौरवी, तिची मुलगी, बंगळूरहून फोनवर म्हणाली होती, "आई, घे आणि मग सांग." पण या घरात घेऊन मग सांगणं म्हणजे काय ते गौरवीला कुठे माहीत होतं. ती शिकायला गेली आणि तिथलीच झाली.

तेवढ्यात शेवंती हात पुसत बाहेर आली. गोकुळदासांची बायको, सत्यवतीची थोरली जाऊ. दोघींनी तीस वर्षं एकाच चुलीवर काढली होती आणि त्यातली बरीच न बोलता. नोकरीवालीचा रुबाब सत्यवतीने कधी केला नव्हता, पण गौरवीला अंघोळ घालून, भरवून, शाळेत धाडून वाढवलं शेवंतीने, हे शेवंती विसरली नव्हती आणि सत्यवतीला विसरू देत नव्हती.

"तूच सांग गो हिका," गोकुळदास म्हणाले. "तुझा तरी ऐकतली."

सत्यवतीने मनातल्या मनात दार लावून घेतलं. आता दोघं नव्हे, तिघं.

शेवंती गाडीकडे बघत राहिली. "बसून बघल्याशिवाय कसा सांगू?" ती म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

"मागे बस," गोकुळदास म्हणाले. "पुढे ती शोरूमवाली बसतली."

पण शेवंतीने पुढचं दार उघडलं होतं. आत बसून, पदर आवरून, ती पट्टा कुठे आहे ते चाचपडत होती.

"चालेल, काकी. मी मागे बसते," पूनम म्हणाली.

बाजार मागे पडला. शेवंती दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, देवळात बसावं तशी ताठ बसली होती. सत्यवतीच्या डोक्यात उत्तरं तयार होत होती. तुमची कंबर दुखली तर मी काय करू. सात सीटची मला पेलणार नाही. माझ्या पगाराची गाडी आहे, वयनी.

"डावीकडे घे," शेवंती म्हणाली.

"डावीकडे चांदेलचो रस्तो."

"माका माहीत आसा खंयचो रस्तो तो."

"मॅडम, आपला रूट हायवेचा ठरलाय," मागून पूनम म्हणाली. "गाडीत ट्रॅकर असतो, मॅडम. सर विचारतात."

"मगे सांग तुझ्या साहेबाक, दोन म्हातारी रस्तो चुकली."

सत्यवतीने डावीकडे घेतलं. का घेतलं ते तिला सांगता आलं नसतं. रस्ता अरुंद होता, दोन्ही बाजूंनी काजूच्या बागा, उतरलेल्या बोंडांचा आंबूस गोड वास काच बंद असूनही आत येत होता. एका चढावर चिऱ्यांनी भरलेला ट्रक पुढे आला. काळा धूर, धूळ, आणि मागच्या फळीला लागून एकेक चिरा जणू आत्ता निसटेल असा. सत्यवतीने वेग कमी केला. खांदे आपोआप आखडले.

"कित्याक थांबलंस? समोर रिकामा आसा. जा फुडे."

सत्यवतीने पुन्हा एकदा बघितलं. रस्ता दूरपर्यंत खरंच रिकामा होता. तिने गिअर खाली घेतला आणि पाय दाबला. गाडी क्षणभर श्वास घेतल्यासारखी झाली आणि मग अशी सुटली की दोघींच्या पाठी सीटला टेकल्या. ट्रक बाजूला आला, मागे गेला. शेवंती हसली. तोंडावर हात न ठेवता, मोठ्याने. सत्यवतीने चमकून तिच्याकडे बघितलं.

"रस्त्यार बघ गो," शेवंती म्हणाली, अजून हसतच. मग थोड्या वेळाने, "ह्यांच्या गाडीत मी पुढे कधी बसूकच नाय. पुढे तेंचे मित्र, नायतर साईश. मी मागे, पिशयांच्या मधी. थयसून खंय रस्तो दिसता?"

"वयनी, आपण चल्लो खय?"

"इब्रामपूर."

सत्यवतीचा पाय ब्रेकवर गेला. इब्रामपूर म्हणजे शेवंतीचं माहेर. गौरवी दहावीत होती तेव्हा शेवंतीच्या भावाच्या, कृष्णनाथाच्या मुलीचं लग्न झालं होतं. पहिल्या पंगतीला बसलेल्या गोकुळदासांना कोणीतरी येऊन म्हणालं, भावजी, तुम्ही घरचेच, वऱ्हाडातली चार माणसं आधी बसवूया. गोकुळदास पानावरून उठले ते सरळ गाडीत जाऊन बसले. शेवंतीला हाक मारली. त्यानंतर इब्रामपूरचं नाव त्या घरात निघालं नव्हतं. कृष्णनाथाची बायको वारली तेव्हाही नाही.

"भावजींका कळला तर?"

"कळूंदे. तूच सांग." शेवंती खिडकीबाहेर बघत होती. "बसनं मी कितीदा जावक निघालंय. पण बसीत चडली काय सगळा पेडणा बघता, गोकुळदासाची बायल खय चल्ली ती. आणि उतरल्यार परत येवचा कसा, ह्याच इचारात पाय मागे फिरता."

मागे पूनमचा फोन वाजायला लागला. तिने तो बंद केला.

कृष्णनाथ अंगणात पोत्यावर वाळवलेल्या काजूबिया हाताने पसरत होते. वाळलेले, उंच, उघड्या अंगाचे. निळी गाडी फाटकाशी थांबली तेव्हा ते कोणीतरी जमीन बघायला आलेला दलाल समजून कपाळाला आठी घालून पुढे आले. मग दार उघडलं आणि शेवंती उतरली. ते होते तिथेच थांबले.

"शेवंते," एवढंच म्हणाले.

शेवंतीने त्यांच्या अंगावरचा भुसा झटकला, जणू कालच भेटली होती. "वयनी गेली तेव्हा येवक जमला नाय रे माका," ती म्हणाली आणि तिला एकदम रडू फुटलं. कृष्णनाथ बहिणीचा हात धरून उभे राहिले. सत्यवतीने दुसरीकडे बघितलं. पूनमही गाडीतून उतरून फणसाच्या झाडाकडे बघत होती.

चहा झाला. सत्यवती उठली, बसली, परत उठली. "वयनी, जावया मगे?"

"तू जा. मी रवतंय."

"रवतंय म्हणजे? सांजेपर्यंत?"

"रवतंय म्हणजे रवतंय."

"मी भावजींका काय सांगू?"

"सांग, पुढची सीट बरी आसा म्हणून." शेवंतीने तिला फाटकापर्यंत सोडलं. तिथे थांबून हलक्या आवाजात म्हणाली, "सत्या, तू घरभर फिरतंस ना, माका सगळा ऐकूक येता. दत्तूच्या नावान रडलंस असतंस तर मी येवन बसलंय असतंय तुझ्याकडे. पण चलणाऱ्या माणसाकडे बसतला कसा कोण?"

परतीच्या वाटेवर तिने पूनमला स्टेअरिंग दिलं. डोळ्यांपुढे रस्ता नीट दिसत नव्हता.

"शेवंती खय?" गोकुळदासांनी विचारलं.

"इब्रामपूरला. रवतंय म्हणाली."

गोकुळदासांनी पेपराची घडी घातली, पुन्हा घातली, अगदी लहान होईपर्यंत घातली. मग पूनमसमोरच म्हणाले, "तूच व्हरलंस तिका. गाडी बघूचा निमित्त. आधीच ठरवलेला तुमचा."

"नाय, भावजी."

"ह्या घरात आजपर्यंत कोण असा करूक नव्हता."

पुढचे दिवस वाईट गेले. सत्यवती पहाटे उठून दोन्ही वेळचं रांधून शाळेला जाई. संध्याकाळी आली की जेवण तसंच असे, किंवा अर्धं. गोकुळदासांना आपला शर्ट कुठल्या कपाटात असतो ते माहीत नव्हतं, आणि विचारायचं कोणाला तेही नाही. साईश दोनदा इब्रामपूरला जाऊन आला आणि दोनदा मामाकडे पोटभर जेवून एकटाच परतला. "आई बरी आसा," तो सांगे. "बरी म्हणजे, एकदम बरी." गोकुळदास ताटावरून उठून जात.

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी सत्यवतीला बोलावलं. आवाज चढलेला नव्हता, तेच जड होतं.

"हे बघ. तू ती मोठी गाडी घे. सगळ्यांची. साईश आईक घेवन येतलो, मी कोणाक काय बोलतलंय नाय. हो विषय हयच संपलो."

साईशने काकीकडे आशेने बघितलं. सत्यवती आत गेली आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. हो म्हटलं की घर पूर्वीसारखं झालं असतं. एका गाडीसाठी थोरल्या जावेचा संसार मोडला, असं गावाने म्हणायच्या आत. खरं तर गाडी ती गाडीच. सात सीटची चालवायला शिकली असती, नाहीतर साईशनं सोडलं असतं. बस काय वाईट होती?

तिने इब्रामपूरला फोन लावला. शेवंतीने सगळं ऐकून घेतलं. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"माझ्या नावान मोठी गाडी घेतलंस," शेवंती म्हणाली, "तर मी हयच रवतलंय. सांगून ठेवतंय. त्या गाडीत मी परत मागेच बसतलंय ना?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सत्यवती म्हापशाला उतरली आणि पूनमच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. पूनमने खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. "तीच निळी," म्हणाली.

त्याच संध्याकाळी, घरी परतताना, बस पेडण्याच्या स्टँडवर शिरली तेव्हा तिला खिडकीतून गोकुळदास दिसले. इस्त्रीचा शर्ट, हातात बेकरीतल्या गोल पावांची, उंड्यांची पिशवी. समोर इब्रामपूरची बस उभी होती. कंडक्टर ओरडत होता. गोकुळदासांनी एक पाय उचलल्यासारखा केला, इकडेतिकडे बघितलं, दुकानाच्या शेजारच्या कोणाला तरी हात केला, आणि मागे सरले. बस निघून गेली. सत्यवती दुसऱ्या दाराने उतरली आणि लांबच्या वाटेने घरी गेली. रात्रीच्या जेवणात उंडे होते.

गाडी आली तेव्हा साईशने नारळ फोडला. गोकुळदास दुकानात होते, किंवा आहेत असं सांगून गेले होते.

सोमवारी सकाळी ती शाळेसाठी निघाली. मागच्या सीटवर तपासलेल्या वह्यांचे गठ्ठे होते. गाडी फाटकाबाहेर काढली तर रस्त्याच्या कडेला गोकुळदास उभे. तिने काच खाली केली.

"तू अस्नोड्यावरून जातंस, काय साळमार्गे?" त्यांनी टायरकडे बघत विचारलं. साळची वाट इब्रामपूरवरून जायची.

"खयसूनय जावक येता."

"मगे माका इब्रामपूरला सोड."

त्यांनी सवयीने मागचं दार उघडलं, वह्या बघितल्या, बंद केलं आणि पुढे येऊन बसले. गुडघे आवरायला त्यांना थोडा वेळ लागला. खड्डा दिसला की ते वरची मूठ घट्ट पकडत, आणि हादरा बसायच्या ठिकाणी काहीच झालं नाही की हळूच सोडत. चांदेलच्या पुढे त्यांनी मूठ पकडायचं बंद केलं.

फाटकाशी मात्र ते उतरेनात. "तिका हाक मार. मी हयच बसतंय."

हाक मारावी लागली नाही. शेवंती स्वतःच बाहेर आली. तिच्या गालांवर ऊन बसलं होतं. ती गोकुळदासांच्या बाजूच्या काचेशी वाकली.

"उतरा."

"तू बस. जावया घरा."

"माझी पिशवी भरूक नाय. आणि हिका शाळेत उशीर होता. उतरा."

गोकुळदास उतरले. एक पाय, मग दुसरा, शर्ट सारखा करत. अंगणात कृष्णनाथ उभे होते. दोघांनी एकमेकांच्या पायाकडे बघितलं.

"सांजेक ये आमका व्हरूक," शेवंती सत्यवतीला म्हणाली.

"सांजेक?" गोकुळदास वळले. "तोपर्यंत मी हय काय करू? दुपारची बस आसा."

"ती बंद झाली," शेवंती म्हणाली.

त्यांनी सत्यवतीकडे बघितलं. दुपारची बस बंद झाली नव्हती. शेवंती जावेकडे बघतही नव्हती, पदराला लागलेली काडी काढत होती.

"व्हय, भावजी," सत्यवती म्हणाली. "बंद झाली."

शाळेत त्या दिवशी तिचं कशात लक्ष लागलं नाही. एका वर्गात तिने कालचाच धडा पुन्हा शिकवला आणि मुलांनीही तिला सांगितलं नाही. घंटा झाली तशी ती बाहेर पडली. साळच्या रस्त्यावर वेग वाढत चालला होता, आणि तो कमी करायचं तिला सुचत नव्हतं. दोघं भांडले असतील. भावजी चालत निघाले असतील. बस बघितली असेल आणि तिच्या खोटेपणाचा हिशेब घरी होईल.

कृष्णनाथ फाटकाशीच होते. आतून भांड्यांचा आवाज आणि गोकुळदासांचं खोकणं ऐकू आलं.

"येतत, पिशवी बांधतत," कृष्णनाथ म्हणाले. मग गाडीच्या छपरावर हात टेकून, आत ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "दुपारची बस हय फाटकाकडे थांबली गो. भावजी अंगणातच होते. कंडक्टर ओळखीचो, तेणा इचारल्यान पण, पेडण्याक येतास?"

सत्यवतीने स्टेअरिंगवरचा हात काढला नाही. "मगे?"

"भावजी म्हणाले, नको. आमची गाडी येतली."